पल्याडच्या देवाचे रोडगे

माहेरी वाईला गेले की माझ्या बहिणी एकच प्रश्न विचारतात. "तुमच्या वऱ्हाडात बघण्यासारखं आहे तरी काय गं?" इतके दिवस मी कापूस, संत्री आणि शेगाव एवढं सांगून गप्प बसायची. आता ठणकावून सांगते, बायांनो, बघण्यासारखं नसेल काही, पण खाण्यासारखं इतकं आहे की त्यापायी माणसाची नोकरी जायची वेळ येते. खोटं वाटत असेल तर बसा आणि ऐका.

गोष्ट माझ्या धाकट्या दिराची, वसंताची. मॅट्रिक होऊन तो तीन वर्षं पिंपळगाव राजाला घरीच होता. शेतात मन नाही आणि नोकरी मिळत नाही. गावातली माणसं ओट्यावर बसून त्याला "काय साहेब, निघाला का हुकूम?" म्हणून डिवचायची आणि तो मान खाली घालून पुढं जायचा. माझ्या सासूबाईंना ते बघवेना. त्यांना सगळं घर माय म्हणतं, मीही म्हणते. मायनं नवस बोलला, पोराला नोकरी लागली तर पल्याडच्या देवाला पायलीभर गव्हाचे रोडगे करीन. पायली म्हणजे किती, तर सहा माणसं पोटभर जेवून पोट धरून उठतील इतकं.

हा पल्याडचा देव मायच्या माहेरचा. संग्रामपूरच्या पुढं सातपुड्याच्या पायथ्याला एक नाला आहे, त्याच्या पलीकडं उंबराखाली शेंदूर फासलेला दगड, एवढंच त्याचं देऊळ. पण नियम कडक. त्याच्यापुढं ठेवलेलं अन्न तिथंच खाऊन संपवायचं. नाला ओलांडून एक घास परत आणायचा नाही, आणि टाकायचा तर मुळीच नाही. आणला किंवा टाकला, तर देव दिलेलं परत घेतो.

आणि नोकरी लागली की हो! मुंबईच्या एका सरकारी कचेरीत. सोमवारी सकाळी हजर झालं नाही तर जागा दुसऱ्याला, असं स्पष्ट बजावलेलं. मग आमच्या यांनी, म्हणजे वसंताच्या थोरल्या भावानं, बेत आखला. शनिवारी संग्रामपूरला मामांकडं जायचं, रविवारी दुपारी रोडगे, संध्याकाळच्या शेवटच्या एस.टी.नं शेगाव, आणि तिथून रात्रीच्या गाडीत वसंताला बसवून द्यायचं. मायचं तर कधीपासून ठरलेलं होतं, फलाटावर उभं राहून पोराला ओवाळायचं आणि गाडी हलेपर्यंत खिडकी सोडायची नाही. बेत कागदावर फार छान दिसत होता.

शनिवार : वांगी

आम्ही पाचजण निघालो. मी, हे, माय, वसंता आणि याकूब. याकूब हा पिंपळगावच्या शिंप्याचा मुलगा, वसंताचा पहिलीपासूनचा दोस्त. त्यानं दोस्ताला नोकरीसाठी स्वतःच्या हातानं पाटलोण शिवून दिली होती आणि ती घरूनच घालून निघायची सक्ती केली होती. "आंगाले बसली पाह्यजे बे. सोमवारी एकदम नवी घातली त मुंबईवाल्यायले वाटन, भाड्यानं आणली."

रोडग्यांबरोबर वांग्याची भाजी लागतेच, म्हणून मायनं शेतातली वांगी पिशवी भरून घेतली होती. खामगावच्या पुढं एका खड्ड्यात पिशवीचं तोंड सुटलं आणि वांगी गडगडत पार ड्रायव्हरच्या पायापर्यंत गेली. एक वांगं ब्रेकखाली अडकलं. ड्रायव्हरनं गाडी कशीबशी थांबवली, मागं वळून म्हणाला, "पहिले वांगे, मंग गाडी!" झालं. अख्खी गाडी बाकांखाली वाकली. आमच्या वाईच्या गाडीत असं झालं असतं तर लोकांनी पाय वर घेऊन तोंडं वाकडी केली असती. इथं धोतरवाले म्हातारे रांगत होते आणि एकमेकांना "थे पाहा, थे काटेरी राह्यलं" म्हणून दाखवत होते. पिशवी भरून झाली तेव्हा आणली त्याहून जास्त वांगी निघाली. कुणाचीतरी आमच्यात आली होती. कुणी कबूल होईना, मग आमचीच म्हणून घ्यावी लागली.

पूर्णा नदी ओलांडली की पाणी खारं. मामांच्या घरी पहिला चहा प्यायले आणि साखरेऐवजी मीठ पडलं असं समजून हळूच यांच्याकडं बघितलं. हे मिटक्या मारत पीत होते. मायचं दूध आणि आजोळचं हे पाणी ज्यांनी लहानपणी प्यायलंय त्यांना कळत नाही म्हणे.

गणपतमामा म्हणजे मायचे धाकटे भाऊ. मोठ्या मिशा, मोठा आवाज, आणि बैलांवर बायकोपेक्षा जास्त जीव, असं मामीच सांगतात. मामींचा पाय मुरगळला होता, त्यामुळं त्या येणार नव्हत्या. आम्ही चहा पीत असतानाच शेजारची एक बाई भांडंभर पीठ घेऊन आली. "भाच्याले नौकरी लागली म्हने. उद्या बाजार हाये, आमाले याले जमत नाही. आमच्या नावाचे चार टाका." तिच्या मागं दुसरी, मग तिसरी. आमच्याकडं समारंभाला येणं जमलं नाही तर माणूस निरोप पाठवतं. संग्रामपुरात पीठ पाठवतात! खाणारं तोंड एकही येणार नव्हतं, पीठ मात्र दारात रांग लावून येत होतं.

मी न राहवून म्हणाले, "मामा, लागेल तेवढं ठेवू या की. बाकीचं इथंच राहू दे."

"सूनबाई, देवाच्या नावानं आलेलं पीठ घरात ठेवाव काय? तुमच्या वाईले ठेवत असन."

"अहो, पण खाणार कोण?"

मामांनी छातीवर हात मारला. "म्या हाव ना!"

रविवार : नाल्याच्या पलीकडं

सकाळी मामांच्या बैलगाडीतून निघालो. सांगते, ती वाट खरोखर बघण्यासारखी आहे. दोन्ही बाजूंना तूर पिवळी पडलेली, मधून हरभरा, वेचणी होत आलेल्या कपाशीवर उरलीसुरली बोंडं, आणि समोर सातपुडा, आधी निळा आणि जवळ जाऊ तसा करडा होत जाणारा. नाल्याला घोटाभर स्वच्छ पाणी होतं. गाडी पाण्यातून गेली तेव्हा मी हात खाली सोडून ओला करून घेतला. एवढं सुख मला त्या दिवशी पुन्हा मिळालं नाही.

देवाशी पोचल्याबरोबर मामांनी पिठाचं अख्खं पोतं उचलून शेंदरापुढं ठेवलं आणि आम्ही गाडीतून उतरेपर्यंत नारळ फोडला. माय ओरडली, "गणपत! काऊन बे सारंच ठेवलं? माहा नवस पायलीचा हाये!"

मामांची मिशी खाली आली. "तू पह्यले सांगाव ना, अक्का."

आता ते सगळं पीठ देवाचं झालं. कच्चंसुद्धा परत नेता येईना. पायलीच्या चांगल्या तीन पायल्या झाल्या होत्या. आम्ही खाणारे सहा, त्यात माय म्हणजे चिमणीचा घास.

रोडगा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. जाडसर गव्हाचं पीठ, त्यात ओवा, मीठ, तेलाचं मोहन. घट्ट मळून लाडवाएवढे गोळे करायचे आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजायचे. बाहेर काढून राख झटकायची, फोडायचा, वर तुपाची धार, आणि सोबत वरण आणि वांग्याची भाजी. चव अशी की पहिला रोडगा खाताना वाटतं, देवा, हेच रोज दे. दुसरा खाताना वाटतं, बरं झालं आलो. तिसऱ्याला माणूस गप्प होतो. चौथा पोटात जाऊन बसतो आणि म्हणतो, मी आता इथंच राहणार.

वरण होतं तोवर निदान उतरत तरी होता. पण उंबरावर वानरं आली आणि मामांच्या अंगात आलं. मामा लहानपणी गोफणीत पंचक्रोशीत पहिले होते, हे आम्हाला आदल्या दिवसापासून तीनदा कळलं होतं. "पाहा आता," म्हणून त्यांनी गोफण गरगर फिरवली. वानरं तशीच बसून राहिली. दगड मागच्या बाजूला सुटला आणि वरणाच्या मडक्यावर बसला. मातीचं मडकं, दोन तुकडे झाले. सगळं वरण नाल्याच्या दिशेनं वाहत निघालं.

याकूब पळत गेला आणि पायानं मातीचा बांध घालू लागला. "मामू, नाला ओलांडन ना हे!"

कुणी हसायचं नाही असं ठरवूनही मी हसले, आणि माय माझ्याकडं अशी बघायला लागली की मी चटकन दोन रोडगे जास्त वाढून घेतले.

जेवणं झाली. म्हणजे आम्ही पडलो. टोपलीत मात्र निम्म्याच्या वर रोडगे शिल्लक. वसंताचा चेहरा उतरला. "दादा, शेवटची एस.टी. गेली त?"

"जाणार नाही रे," हे म्हणाले, पण सूर्याकडं बघून म्हणाले.

मग सुरू झाली अन्नाला वाट शोधायची धावपळ. आधी बैल. मामांनी दोघांना एकेक दिला आणि टोपली मागं ओढली. "गव्हानं बैल फुगते. फुगला त गाडी कोन ओढन, तुहा बाप?" शिवाय त्यांना एक शंकाही आली. रोडगा बैलाच्या पोटात बसून नाल्यापलीकडं गेला तर ते अन्न नेलं असं होतं का? यावर हे आणि मामा चांगले भांडले. हे म्हणाले, मग आपल्या पोटातल्याचं काय? सगळ्यांनी इथंच राहायचं का? मामा म्हणाले, तुम्ही शेतकी कॉलेजात हेच शिकलात का? शेवटी मायनंच निकाल दिला, "पोटात गेलं थे अन्न नाही. थे रगत झालं. चूप बसा अन् खा."

मग वानरं. मघाशी ज्यांच्यावर गोफण फिरवली त्यांनाच मामा आता "ये, ये माह्या राजा" म्हणून बोलवत होते. एका वानरानं रोडगा हातात घेतला, उलटसुलट केला, दातानं चावून पाहिला आणि फांदीवरून खाली सोडून दिला. तो आमच्या यांच्या खांद्यावर पडला. अजून तिथं दुखतं म्हणतात.

लाकडाच्या मोळ्या घेऊन चार बायका आल्या तेव्हा मायनं त्यांचे हात धरून त्यांना बसवलं. बिचाऱ्या मनापासून जेवल्या, टोपली पुष्कळ हलकी झाली. देवानं ऐकलं म्हणायचं, तेवढ्यात एक धनगर मेंढ्या घेऊन आला. त्यालाही बसवलं. तो दोन रोडगे जेवला, तोंड पुसलं, आणि आपलं गाठोडं सोडून तीन भाकरी अन् ठेचा आमच्यापुढं ठेवला. "फुकट खात नसतो आपन."

"अहो बाबा, नको, नको!" मी हात जोडले.

"मंग माहा अपमान करून राह्यल्या काय तुमी?"

तो माणूस एवढा दुखावला की भाकरी घ्याव्या लागल्या. मामांनी त्या सवयीनं टोपलीतच ठेवल्या, रोडग्यांवर. मी कपाळाला हात लावला. आता भाकरीही देवाच्या! धनगर मेंढ्या हाकत निघून गेला आणि आम्ही त्याच्या भाकरी खात बसलो. ठेचा इतका जहाल की याकूबच्या डोळ्यांतून पाणी, आणि तो रडत रडत म्हणतो, "वसंत्या, तुह्यासाठी मी काय काय करून राह्यलो, हे लिहून ठेव बे."

उतरती उन्हं

सावल्या नाल्यात उतरल्या. टोपलीत सहासात रोडगे उरले होते, तुपाशिवाय, थंड, दगडासारखे. मामा म्हणाले, आत्ता निघालो तर बैल पळवत एस.टी. गाठू. नंतर नाही.

वसंतानं दातओठ खाऊन अजून एक उचलला. तिसऱ्या घासाला टप्पकन आवाज झाला. पाटलोणीचं बटण उडालं आणि तुपाच्या रिकाम्या वाटीत जाऊन पडलं. याकूब उसळून उठला. "माह्या शिवनीले दोष नाही देऊन राह्यला कोनी! माप कमरेचं घेतलं होतं, रोडग्यायचं नाही!" मामांनी गाडीतली सुतळी काढून भावी सरकारी नोकराच्या कमरेला बांधली. हसून हसून माझ्या पोटात कळ आली. वसंता मात्र हसला नाही. हातात अर्धा रोडगा धरून तो मायपुढं बसला.

"माय, मले जाऊ दे वं. तीन वर्षं लोकायचे बोल खाल्ले. आता रोडग्यापायी घरी राह्यलो त मी गावात तोंड नाही दाखवू शकत."

"त्यानंच नौकरी देली," मायनं देवाकडं बोट केलं. "त्याले फसवून जाशीन? उद्या दारातून वापस पाठवलं त?"

"अन् गेलोच नाही त?"

हे म्हणाले, "माय, देवाची माफी मागू, पुढच्या वर्षी डबल करू." मायनं त्यांच्याकडं असं पाहिलं की हे परत खांदा चोळायला लागले. मला दोघांचंही पटत होतं, आणि चीड येत होती ती त्या शेंदरी दगडाची. एवढा मोठा देव, सात रोडग्यांसाठी अडून बसतोस? नोकरी देताना हात आखडला नाहीस ना? मी हे मनातच म्हटलं. मोठ्यानं म्हणायची माझी छाती नव्हती.

शेवटी माय उठली, वसंताच्या हातातला अर्धा रोडगा काढून टोपलीत ठेवला. टोपली घेऊन नाल्याच्या काठाला, पाण्यापासून हातभर अलीकडं जाऊन बसली. "तुमी निंगा. मी खातो अन् बसतो. सरन तवा सरन."

"अन् टेसन?" वसंता म्हणाला.

"टेसन काय पाहाचं असते? लोखंडच त असते."

महिनाभर जिनं फलाटाशिवाय दुसरी गोष्ट केली नव्हती, ती हे म्हणत होती. देवापुढचं कुंकू बोटावर घेऊन तिनं वसंताच्या कपाळाला लावलं. रोडग्याच्या राखेनं काळी झालेली बोटं त्याच्या गालांवरून फिरवली. "नीट राह्य. उपाशी नको झोपू." तो पाया पडायला वाकला तर सुतळी सुटायला आली, याकूबनं मागून धरली. सगळे रडत होते आणि याकूब ओरडत होता, "सरळ उभा राह्य बे, पहिले सरळ उभा राह्य!"

मायजवळ कुणीतरी थांबायला हवं होतं, मी थांबले. मामा या तिघांना सोडून आम्हाला न्यायला परत येणार होते. गाडी पाण्यात उतरली, पलीकडं चढली. वसंता मागं तोंड करून बसला होता. बैल पळायला लागले आणि तुरीच्या आड गेले.

माय रोडगा खात होती. तिला धड चार दात नाहीत. तुकडा मोडायचा, नाल्याच्या पाण्यात भिजवायचा, तोंडात घोळवायचा. मी "द्या इकडे" म्हटलं आणि तिच्या शेजारी बसून खाऊ लागले. कसा खाल्ला ते मला विचारू नका. मग ती म्हणाली, "पोरगं गेलं वं," आणि भिजवलेला घास हातातच राहिला. तोवर तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझं लग्न होऊन मी वऱ्हाडात आले, तेव्हा माझी आई निरोप देताना खंबीर राहिली म्हणून मला राग आला होता. घरी परत गेल्यावर तिनं काय केलं असेल, हे मला त्या काठावर कळलं. मी मायला जवळ घेतलं आणि आम्ही दोघी मोठ्यानं रडलो. ऐकायला वानरंच होती.

रडून झाल्यावर उरलेला एक रोडगा आम्ही अर्धा अर्धा केला. टोपली झटकली, एक कणही नव्हता. मायनं तोंड धुतलं, पदर घेतला आणि देवापुढं जाऊन हात जोडले.

"देवा, तुह्यं फिटलं. पोट्टं नौकरीवर गेलं. आता आइक." ती थांबली, मागं माझ्याकडं पाहिलं, परत देवाकडं वळली. "याची बदली इकडं कर. शेगावले कर, खामगावले कर, कुठीबी कर, पन सांजच्याले घरी येन अशी कर. बदली झाली त तुले सव्वा मनाचे रोडगे..."

"माय!" मी झेप घेऊन तिचा हात धरला. सव्वा मण! माझ्या पोटातले रोडगे एकदम जागे झाले. "माय, पेढे बोला. नारळ बोला. साखर बोला!"

तिनं वळून पाहिलं. पदर ओला होता आणि नाकाच्या शेंड्याला राख लागली होती. लहान पोरासारखं तिनं मला विचारलं, "सव्वा मन लय होते काय वं?"

मी तिचा हात सोडला.

"कमी होतील, माय," मी म्हणाले. "दोन मण बोला."